मुंबईहून कराची किती लांब?

मागच्या शनिवारी सकाळच्या शाळेत आमच्या वर्गात एक डबा आला. चौथीतल्या एका मुलाचा मामा मुंबईहून आला होता. त्यानं भाच्यासाठी मिठाई आणलेली. पोरगा मोठ्या मनाचा! घरी डबा न फोडता तो सरळ शाळेत घेऊन आला. आत नारंगी-पिवळ्या चौकोनी वड्या होत्या. दातानं तोडायला गेलं की रबरासारख्या ताणल्या जायच्या. झाकणावर नाव छापलं होतं, 'कराची हलवा'. आणि खाली पत्ता मात्र मुंबईचा!

वड्या दोन मिनिटांत संपल्या. झाकण मात्र या बाकावरून त्या बाकावर फिरत राहिलं. मग पहिला प्रश्न आला.

"मॅडम, कराची मुंबईतच हाय का?"

"नाही रे. कराची पाकिस्तानात आहे. तिथून मुंबईत आलेल्या मिठाईवाल्यांमुळे हे नाव इकडे रुजलं असं सांगतात."

"पाकिस्तानात? मंग तं लय लांब असन!"

"लय लांब म्हणजे किती?" मी विचारलं.

झालं! वर्गात एकच गलका. कुणी म्हणालं, दिल्लीच्या पुढं. कुणी म्हणालं, अमेरिकेच्या अलीकडं. एकानं तर ठासून सांगितलं, "आठ दिवस लागते मॅडम, विमानानं!" मी फळा पुसला आणि म्हटलं, भांडू नका, मोजून पाहू या.

आमच्या वर्गात भारताचा एक मोठा भिंतीवरचा नकाशा आहे. त्यात १ सेंटिमीटर म्हणजे ४० किलोमीटर असं प्रमाण आहे. शिवणाचा दोरा घेतला. एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं कराचीवर. दोरा ताणला, बोटानं खूण केली आणि पट्टीवर ठेवला. भरला २२ सेंटिमीटर. आता २२ गुणिले ४० किती? ८८० किलोमीटर.

मग मुलांनी आपणहून दुसरी गावं मोजली. मुंबई ते नागपूर १७ सेंटिमीटर, म्हणजे ६८० किलोमीटर. मुंबई ते दिल्ली जवळजवळ २९ सेंटिमीटर, म्हणजे साडेअकराशेच्या आसपास. मुंबई ते कोलकाता ४१ सेंटिमीटर, म्हणजे साडेसोळाशेच्या घरात. वर्ग एकदम गप्प झाला. मुंबईकराला कराची आपल्या राजधानीपेक्षा जवळ! ज्यानं आठ दिवस सांगितले होते, त्यानं पुन्हा एकदा दोरा लावून पाहिला. पुन्हा २२च भरले.

दोऱ्याचं हे अंतर सरळ रेघेतलं आहे, बरं का. रस्ता आणि रूळ वळणं घेत जातात, म्हणून त्यांचं अंतर नेहमी जास्त भरतं. आमचं राळेगाव ते मुंबई दोऱ्यानं मोजलं तर साधारण ६१० किलोमीटर आहे. पण आम्ही आधी एसटीनं वर्ध्याला जाणार, आणि तिथून पुढं नुसत्या रेल्वेचेच साडेसातशेच्या वर किलोमीटर होतात. पक्ष्याला आणि विमानाला तेवढी वळणं लागत नाहीत. मुंबईहून निघालेली ती सरळ रेघ समुद्रावरून जाते, सौराष्ट्र ओलांडते, कच्छच्या आखातावरून आणि सिंधू नदीच्या मुखाजवळच्या दलदलीवरून कराचीला पोचते. खरं विमान ठरवून दिलेल्या हवाई वाटांनी जातं, त्यामुळे थोडंफार अंतर वाढतं, पण फार नाही.

आता वेळ काढू. मोठं जेट विमान एकदा वर गेलं की ताशी ८०० किलोमीटर किंवा थोडं जास्त वेगानं उडतं. पण चढताना आणि उतरताना त्याचा वेग कमी असतो. म्हणून मी मुलांना एक सोपी रीत दिली: अंतराला ८०० नं भागा, आणि येईल त्यात अर्धा तास मिळवा. मुंबई-नागपूरचं करून पाहा. ६८० भागिले ८०० म्हणजे सुमारे ५१ मिनिटं, अधिक ३०, म्हणजे ८१ मिनिटं. विमानाच्या वेळापत्रकातही साधारण दीड तासच असतो. आता कराची. ८८० भागिले ८०० म्हणजे ६६ मिनिटं, अधिक ३०, झाली ९६ मिनिटं. म्हणजे एक तास छत्तीस मिनिटं!

आमची राळेगावची एसटी नागपूरला पोचायच्या आत हे विमान कराचीला उतरलेलं असेल.

इथं मी मुलांना एक गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका.

१९३२ साल. तेव्हा कराची आणि मुंबई एकाच देशात तर होतेच, पण एकाच प्रांतातही होते. सिंध १९३६ सालापर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे कराचीचा कारभारही मुंबईहूनच चालायचा. इंग्लंडहून निघालेलं विमानाचं टपाल १९२९ पासून कराचीपर्यंत येऊ लागलं होतं. ते पुढं मुंबईला विमानानं न्यायचं काम टाटांनी अंगावर घेतलं. १५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी जे. आर. डी. टाटा नावाचा २८ वर्षांचा तरुण कराचीच्या विमानतळावरून एका छोट्या 'पुस मॉथ' विमानात बसून उडाला. बरोबर प्रवासी नाही, फक्त सुमारे २५ किलो टपाल. म्हणजे आपल्याकडच्या तांदळाच्या एका कट्ट्याइतकं!

वाटेत अहमदाबादला तेल भरायला उतरायचं होतं. तिथं पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते, अशी आठवण सांगतात. आपल्याकडं कापूस जसा बैलगाडीतून बाजारात जातो, तसं विमानाचं पेट्रोल! तेल भरून टाटा पुन्हा उडाले आणि दुपारी दोनच्या सुमारास मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरले. तिथून पुढं मद्रासपर्यंत ते टपाल त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं. याच टपालसेवेतून पुढं एअर इंडिया उभी राहिली.

आता गणित करा. कराची ते अहमदाबाद सुमारे ६०० किलोमीटर, अहमदाबाद ते मुंबई सुमारे ४४०. एकूण १०४०. पुस मॉथचा वेग ताशी साधारण १६० किलोमीटर. भागाकार केला की साडेसहा तास येतात. त्यात अहमदाबादचा थांबा मिळवला की सात तासांच्या पुढं. सकाळी साडेसहाच्या सुमाराला निघालेला माणूस दुपारी दोनच्या आत-बाहेर पोचला, हे गणितानंही बरोबर जुळतं. जुन्या गोष्टी अशा पट्टीनं आणि घड्याळानं तपासून पाहिल्या की जास्त गोड लागतात.

त्याच्याही आधी लोक आगबोटीनं कराचीला जायचे. त्यातले कितीतरी आपले मराठी लोक होते. कुणी नोकरीसाठी, कुणी व्यापारासाठी, तर कुणी शिकवायला. त्यांतलं एक नाव मला शिक्षिका म्हणून फार जवळचं वाटतं. ते म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य. ते सिंधमध्ये शिक्षण खात्याचे अधिकारी होते. सिंधमधली पहिली सरकारी शाळा म्हणून ओळखली जाणारी कराचीची शाळा १८५५ साली सुरू झाली, आणि पुढं तिला त्यांचं नाव मिळालं. कराचीत आजही ती शाळा 'एन. जे. व्ही.' म्हणून ओळखली जाते. पाकिस्तानातल्या एका शाळेच्या दारावर मराठी माणसाचं नाव! हे सांगितलं तेव्हा मुलं माझ्याकडं अशी पाहत राहिली, जणू मीच काहीतरी बनवून सांगतेय.

१९४७ साली देशाची फाळणी झाली. मुंबई भारतात राहिली, कराची पाकिस्तानात गेली. हजारो सिंधी कुटुंबं बोटींनी कराचीहून मुंबईला आली. त्यांच्या छावणीतूनच कल्याणजवळचं उल्हासनगर वसलं. घरं, दुकानं, शेतं तिकडंच राहिली. बरोबर आलं ते जेवढं हातात मावलं तेवढं, आणि डोक्यातल्या पाककृती.

"मॅडम," मागच्या बाकावरून आवाज आला, "मंग आता कराचीले विमान जाते का?"

आता या प्रश्नाचं उत्तर गणितात नाही. फाळणीनंतरही मुंबई-कराची विमानं बरीच वर्षं जात-येत होती. भांडण पेटलं की ती बंद व्हायची आणि निवळलं की पुन्हा सुरू व्हायची. २००२ आणि २००३ ही दोन वर्षं दोन्ही देशांमधली विमानं पूर्ण बंद होती. २००४ च्या जानेवारीत ती पुन्हा सुरू झाली. पाकिस्तानच्या विमान कंपनीची मुंबई-कराची फेरी २०१७ च्या मे महिन्यात थांबली. २०२५ च्या एप्रिलमध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशच बंद केलं.

"मंग जाचं असन तं?"

मग दुबईमार्गे. मी दोरा पुन्हा हातात घेतला, पण या वेळी नकाशा पुरला नाही. पृथ्वीचा गोल काढावा लागला. मुंबई ते दुबई सुमारे १९३० किलोमीटर. दुबईहून उलट फिरून कराची सुमारे ११९० किलोमीटर. बेरीज ३१२०. आपल्या रीतीनं पहिल्या टप्प्याला जवळजवळ तीन तास आणि दुसऱ्याला दोन. म्हणजे नुसतं हवेतच पाच तास. दुबईला दुसऱ्या विमानाची वाट पाहायची ती वेगळीच.

फळ्यावर मी दोन ओळी लिहिल्या. सरळ वाट ८८० किलोमीटर, ९६ मिनिटं. आजची वाट ३१२० किलोमीटर, पाच तास आणि थांबा. चौथीच्या पोरांनी भागाकार करून सांगितलं, साडेतीनपट!

"सरळ जाता येते तं इतकं फिरून काहून जाचं?" एकीनं विचारलं.

मी तिला समोर बोलावलं आणि आमच्या बांधाचं उदाहरण दिलं. दोन शेतकऱ्यांचं वावर शेजारी-शेजारी असतं. बांधावरून पलीकडं जायला दहा पावलं. पण दोघांचं भांडण झालं की बांधावर काटेरी कुंपण लागतं, आणि मग त्याच वावरात जायला गावाला वळसा घालून जावं लागतं. वावर काही सरकलेलं नसतं. हे तिला लगेच पटलं. राळेगावच्या पोरांना बांध समजावून सांगावा लागत नाही!

पण वळसा घालायला लागणारे सगळेच काही तिकीट काढून जात नाहीत. आपल्याच महाराष्ट्रातल्या पालघर जिल्ह्यातले, डहाणू-तलासरीकडचे कितीतरी गरीब लोक गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून कामाला जातात. समुद्रात बांध नसतो, की कुंपण नसतं. जाळं टाकताना, इंजिन बंद पडलं म्हणून किंवा प्रवाहात वाहून बोट पलीकडच्या पाण्यात गेली, की पाकिस्तानची गस्ती बोट त्यांना पकडून कराचीला नेते. मग तिथल्या मलीरच्या तुरुंगात कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं जातात. पाकिस्तानचे मासेमारही असेच चुकून इकडं येतात आणि गुजरातेत अडकतात. त्यांच्याही घरी पोरं असतात.

२००८ साली दोन्ही देशांमध्ये एक करार झाला. त्यानुसार दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला दोघं आपापल्या तुरुंगांतल्या एकमेकांच्या माणसांच्या याद्या देतात. त्यात मासेमारांची वेगळी यादी असते. नाव यादीत आलं म्हणजे माणूस जिवंत आहे आणि कुठं आहे, एवढं तरी कळतं.

आणि सुटका झाली की ते घरी कसे येत आले आहेत, ठाऊक आहे? कराचीहून रेल्वेनं पार वर लाहोरला, तिथून वाघा सीमेवर, सीमा पायी ओलांडून अमृतसरला, आणि तिथून पुन्हा रेल्वेनं खाली गुजरातेत आणि पालघरला. एकूण सुमारे तीन हजार किलोमीटर! विमानाला दोन तासही न लागणारी वाट ते अख्खा पंजाब फिरून चालतात.

हे सांगून झालं तेव्हा वर्गात कुणीच बोलत नव्हतं. मग खिडकीजवळ बसणारी एक मुलगी उभी राहिली. एरवी ती फारसं बोलत नाही. तिचे बाबा कामासाठी पुण्याकडं असतात आणि दिवाळीलाच गावी येतात. ती म्हणाली, "मॅडम, सेंटिमीटरनं नाई समजत. जिथून माणूस लवकर येत नाई, ते लांब."

मी डीएडला असताना भूगोल कसा शिकवायचा यावर पानंच्या पानं लिहिली होती. एवढं सरळ वाक्य त्यात कुठं नव्हतं. मी खडू घेतला आणि ते फळ्यावर दोन ओळींच्या खाली लिहिलं. मग तिला विचारलं, "आणि दोरा काय सांगतो?"

तिनं स्वतः जाऊन मोजलं. मुंबई-कराची, २२ सेंटिमीटर. "दोरा तं तेवढाच हाय," ती म्हणाली.

होय, दोरा तेवढाच आहे. १९३२ साली होता तेवढाच. आणखी शंभर वर्षांनी कुणी मोजला तरी तेवढाच भरेल. लागणारा वेळ तेवढा बदलतो. कधी तो इंजिन चांगलं झालं म्हणून कमी होतो, कधी माणसांचं बिनसलं म्हणून वाढतो. इंजिनानं सात तासांचा दीड तास केला. आपण माणसांनी दीड तासाचे पुन्हा पाच तास केले.

एक गंमत सांगायची राहिलीच. टाटांनी तेच उड्डाण १९६२ साली पुन्हा केलं, आणि तिसऱ्यांदा १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, बरोबर पन्नास वर्षांनी. तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. तसंच छोटं जुन्या बनावटीचं विमान, तीच कराची, तेच अहमदाबाद, तीच मुंबई. फक्त आता मध्ये दोन देशांची सीमा होती. दोन्हीकडच्या सरकारांनी वाट मोकळी करून दिली आणि म्हातारा वैमानिक सुखरूप मुंबईला उतरला. म्हणजे मनात आणलं तर सीमा असूनही वाट मोकळी करता येते. ते झाकण आम्ही फेकलं नाही. वर्गातल्या नकाशाशेजारी चिकटवलं आहे, आणि त्याला तो दोरा बांधून ठेवला आहे.

आता तुमचं काम

१. आपल्या आणि पाकिस्तानच्या घड्याळात अर्ध्या तासाचा फरक आहे. त्यांचं घड्याळ मागं. आपलं घड्याळ ८२½ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं, त्यांचं ७५ अंशांवर. दर १५ अंशांना एक तास, म्हणून साडेसात अंशांना अर्धा. समजा, सरळ विमान सुरू आहे. ते मुंबईहून आपल्या घड्याळात सकाळी १० वाजता निघालं आणि ९६ मिनिटं उडालं. कराचीच्या विमानतळावरच्या घड्याळात किती वाजलेले असतील? आणि तेच विमान कराचीच्या घड्याळात १० वाजता परत निघालं, तर मुंबईच्या घड्याळात किती वाजता पोचेल? वेळापत्रकात जाणं झटपट आणि येणं सावकाश का दिसतं, ते एका वाक्यात लिहा.

२. दिल्ली ते काठमांडू सरळ अंतर सुमारे ८१५ किलोमीटर आहे. म्हणजे जवळपास मुंबई-कराचीएवढंच! तेही शेजारच्याच देशातलं शहर. तिथं सरळ विमान जातं, आणि आपल्याला नेपाळात जायला व्हिसाही लागत नाही. आपल्या रीतीनं वेळ काढा. नेपाळचं घड्याळ आपल्या पाव तास पुढं असतं हे विसरू नका.

३. तुमच्या घरातलं किंवा आळीतलं कोण कामासाठी बाहेरगावी आहे? दोरा लावून त्या गावाचं अंतर मोजा. मग त्यांना यायला किती तास लागतात ते लिहा. आणि त्याच्याखाली ते शेवटचे कधी आले होते ते लिहा. तिन्ही उत्तरं वेगवेगळी असतील. ती वहीत जपून ठेवा, आणि ते माणूस घरी आलं की आधी त्याला दाखवा.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुढच्या अंकात ताडून पाहू. तिसऱ्याचं उत्तर तपासायला मात्र मी लागणार नाही.

तुमची,
राळेगावच्या मॅडम